हरणासाठी हार्ड कास्ट गोळी: अजून कडक घेऊ नका, आधी नळीचं माप घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात एक नाही तीन प्रश्न आहेत. मला समजलं ते असं. तुम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहता, अजून एच-१बी वर आहात, हंटर एज्युकेशनचा कोर्स या उन्हाळ्यात झाला, ४५-७० काडतुसाची एक जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालची दांडी पुढे-मागे करून काडतूस चढवायची) घेतली. ४०५ ग्रेनच्या हार्ड कास्ट (म्हणजे शिशात दुसरे धातू मिसळून ओतलेल्या कडक) गोळ्यांचा डबा आणला, त्यावर कडकपणा २२ बीएचएन लिहिलाय, एक अनुभवी मित्र त्या मध्यम लोडमध्ये (म्हणजे दारूची मात्रा मध्यम ठेवून) भरून देतो. आणि आता १०० यार्डावर गोळ्या फूटभर पसरतात, नळीत शिशाचे पट्टे बसतात. रेंजवर कोणीतरी सांगितलं की शिसं मऊ पडतंय, अजून कडक घ्या. तर अजून कडक घ्यायच्या का, हरणाला नेमकं कुठे मारायचं, आणि घरी चार वर्षांची मुलगी आहे तर हे मांस तिला द्यायचं का.

मी आग्नेय ओहायोत होकिंगच्या टेकड्यांच्या बाजूला बरीच वर्षं शिकार करतोय आणि गोळ्या स्वतः ओततो. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: तुमची गोळी मऊ नाहीये, ती तुमच्या नळीला लहान पडतेय. व्हाइटटेल हरणासाठी २२ चा कडकपणा लागतच नाही. लोक "हार्ड" या शब्दाच्या मागे लागतात आणि गोळीचं माप, नाकाचा आकार आणि कुठे मारायचं या तीन गोष्टी राहून जातात, ज्यांच्यावर हरीण पटकन आणि कमी त्रासात मरतं की नाही हे ठरतं.

कायद्याचं आधी, कारण ते परिस्थितीवर अवलंबून आहे. हे सगळं अमेरिकेपुरतं. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, तिकडे चितळ-सांबर-काळवीट कशालाच हात लावायचा नाही आणि ते योग्यच आहे. इकडे राज्याराज्याचे नियम वेगळे. ओहायोत २०१४ पासून सरळ भिंतीच्या (म्हणजे पुढे मान आवळलेली नसलेल्या) काडतुसांच्या रायफली हरणाला चालतात, ४५-७० त्यात बसतं, पण चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं भरायची. तुम्ही उद्या मिनेसोटात गेलात तर तिकडे मोठ्या जनावराला सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची) किंवा आत गेल्यावर फुलणारी गोळी लागते, म्हणजे हार्ड कास्टचा प्रश्नच मिटला. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद आहे. दरवर्षी नियमांचं पुस्तक नव्यानं वाचा, मागच्या वर्षीचं लक्षात ठेवून जाऊ नका.

आणि एच-१बी चं, हे आपल्या लोकांना कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. फेडरल कायद्यानं नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. त्यातून सूट मिळायच्या मोजक्या वाटा आहेत, त्यातली आपल्या कामाची म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे ते लायसन्स तुमच्यासाठी फक्त हरणाचं नाही, घरात रायफल ठेवण्याचंही आहे. ते एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका, त्याची तारीख लिहून ठेवा, आणि एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोलून घ्या, मी वकील नाही.

आता धातू. माझे वडील साताऱ्यात छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे हा धातू मी गोळीच्या आधी बघितलाय. छापखान्याचा खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील, आणि हार्ड कास्ट गोळीतही तेच तिघं असतात, फक्त प्रमाण वेगळं. कथील म्हणजे आपला कल्हईवाला भांड्याला लावायचा तेच, त्यानं वितळलेलं शिसं साच्यात नीट पसरतं आणि कडा भरतात. अँटिमनीनं कडकपणा येतो. पण अँटिमनी वाढलं की धातू ठिसूळही होतो, हे विसरतात लोक. लहानपणी माझ्या हातून खिळे फरशीवर सांडले की अक्षराचं टोकच उडायचं, वाकायचं नाही, तुटायचं, आणि वडील तो खिळा परत वितळवायच्या डब्यात टाकायचे. गोळी हाडावर आदळते तेव्हा हे आठवा.

बीएचएन म्हणजे ब्रिनेल हार्डनेस, ठराविक गोळा ठराविक वजनानं धातूवर दाबायचा आणि खड्डा केवढा पडला ते बघायचं. शुद्ध शिसं साधारण ५. वीस भाग शिसं आणि एक भाग कथील घेतलं तर १० च्या आसपास. गाडीच्या चाकाला लावायची जुनी शिशाची वजनं वितळवून ओतली आणि हवेत गार होऊ दिली तर १२ च्या जवळ, तीच साच्यातून थेट पाण्यात टाकली तर १८-२० च्याही वर जातात. ९० टक्के शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे लायमन नंबर २ म्हणून ओळखलं जातं, ते १५. आणि छापखान्याचा लायनोटाइप धातू, ८४ टक्के शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील, तो २२. म्हणजे तुमच्या डब्यातली गोळी कडकपणाला जवळजवळ लायनोटाइपच्या बरोबरीची आहे. याहून कडक घेऊन तुम्हाला काय मिळणार आहे, सांगा?

मग शिसं नळीला का चिकटतंय? सगळे समजतात मऊ गोळी घासली जाते म्हणून चिकटते. कधीकधी तसं होतंही, पण तुमच्या लोडच्या वेगाला नाही. बहुतेक वेळा होतं काय की गोळी नळीच्या आतल्या पिळाच्या खाचांपेक्षा बारीक असते, तिच्या बाजूनं गरम वायू पुढे निसटतो, तो गोळीची कड वितळवतो-कापतो आणि ते शिसं नळीत फासतो. मऊ गोळी असती तर मागच्या दाबानं तिचा बुंधा जरा फुगला असता आणि फट बुजली असती. कडक गोळी फुगत नाही, फट तशीच राहते. याचा एक ढोबळ हिशोब आहे, बीएचएनला १,४२२ नं गुणायचं, म्हणजे तेवढ्या पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाला तो धातू दबायला लागतो. २२ ला गुणलं तर ३१,२८४ येतात. ४५-७० चा ठरलेला कमाल दाबच २८,००० पीएसआय आहे, कारण हे काडतूस १८७३ चं, अमेरिकन लष्कराच्या ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड बंदुकीसाठी काढलेलं, आणि अशा जुन्या बंदुका अजून लोकांच्या घरात आहेत. तुमचा मित्र मध्यम लोड भरतो म्हणजे त्याच्याही खाली. गोळीचा बुंधा फुगायला जेवढा दाब हवा तेवढा तुमच्या रायफलीत तयारच होत नाही. आता १२ बीएचएनचा हिशोब करा, १७,०६४. हा दाब तुमच्या रायफलीला सहज मिळतो.

हे वाचून कोणी म्हणेल मग दारू वाढवू, दाब वाढेल. ते करू नका. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या पुढे जायचं नाही, आणि जुनी वापरलेली रायफल असेल तर मित्राला विचारा की तो कुठल्या तक्त्यातला लोड भरतोय, कारण ४५-७० साठी पुस्तकात बंदुकीच्या ताकदीप्रमाणे वेगवेगळे तक्ते असतात आणि ते एकमेकांत मिसळले की माणूस जखमी होतो.

म्हणून पहिलं काम, नळीचं माप घ्या. मी मूळचा टूलरूमचा माणूस, पिंपरीत शिकलो, त्यामुळे मला हे काम आवडतं, पण अवघड अजिबात नाही. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, मग चेंबरमध्ये बोट घालून तिसऱ्यांदा बघा. अ‍ॅक्शन उघडी ठेवा, नळी आतून स्वच्छ करा, तेलाचा हात फिरवा. मासेमारीच्या दुकानात शुद्ध शिशाची वजनं मिळतात, नळीपेक्षा थोडं जाड असलेलं घ्या, तोंडाकडून लाकडी किंवा पितळी काठीनं हळूहळू ठोकत दुसऱ्या बाजूनं बाहेर काढा. लिव्हर-अ‍ॅक्शनला बहुतेकदा मागून ठोकणं सोपं नसतं म्हणून तोंडाकडून. ठोकताना हाताला कळतं कुठे नळी घट्ट आहे, कुठे सैल. बाहेर आलेल्या शिशावर खाचांचे उंचवटे असतात, ते आरपार मायक्रोमीटरनं मोजा, स्वस्त डिजिटल कॅलिपरवर इथे विश्वास ठेवू नका. गोळी या मापापेक्षा एक ते दोन थाऊ जाड पाहिजे. वर्कशॉपमध्ये न गेलेल्यांसाठी, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

४५-७० चं कागदावरचं माप ०.४५८ इंच. दुकानातल्या बऱ्याच गोळ्या ०.४५८ लाच साइझ केलेल्या असतात आणि जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शनच्या नळ्या मी मोजल्यात त्या ०.४५८ पासून ०.४६० पर्यंत निघाल्यात. तुमची ०.४५९ निघाली तर ०.४६० ची गोळी लागेल, ०.४५८ वाली कितीही कडक असली तरी पसरणारच. मोठी गोळी घेतल्यावर एक डमी काडतूस, दारू आणि केप (दारू पेटवणारी टिकली) न घालता, भरून चेंबरमध्ये सहज जातंय ना बघायचं. आणि अजून एक, रायफल वापरलेली आहे म्हणजे आधीच्या मालकानं तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या मारलेल्या असणार. नळीत तांब्याचा थर असेल तर त्यावर शिसं पटकन धरतं. आधी तांबं पूर्ण काढा, मगच शिशाच्या गोळ्या मारा. मी एकाला ओळखतो ज्याचा सगळा त्रास एवढ्यानंच गेला.

मापाची गोळी मिळाली की मग कडकपणाकडे या. मी हरणासाठी ४५-७० ला १० ते १२ बीएचएन वापरतो, ४४ मॅग्नमला (हे रिव्हॉल्व्हरचं काडतूस) १२ पर्यंत. गोळीच्या वंगणाच्या खाचांत मेण-अ‍ॅलॉक्सचं निम्मं निम्मं मिश्रण (अ‍ॅलॉक्स हे एक वंगण). पावडर कोटिंगही चांगलं चालतं, आता बरेच लोक तेच करतात, माझी सवय जुनी आहे एवढंच.

आता हरीण. हे जास्त महत्त्वाचं आहे म्हणून सविस्तर लिहितो.

साधी शिकारीची रायफल, समजा ३०-०६, अडीच-पावणेतीन हजार फूट सेकंदाच्या वेगानं गोळी सोडते, ती आत गेल्यावर फुलते आणि वेगामुळे आजूबाजूच्या ऊतींना जबरदस्त धक्का बसतो. तुमची ४०५ ग्रेनची गोळी, म्हणजे आपल्या सोनाराच्या भाषेत बरोबर सव्वादोन तोळे, साधारण १,३०० फूट वेगानं निघते आणि १०० यार्डावर १,१५० च्या आसपास उरते. या वेगाला तसा धक्का नसतो. आणि २२ बीएचएनची गोळी फुलतही नाही, जशी गेली तशी बाहेर पडते. मग ती मारते कशानं? नाकानं. नाकाचा पुढचा भाग जितका सपाट आणि रुंद, तितकं ती मांस चिरत-फाडत जाते. गोल नाकाची गोळी मांसाला बाजूला सारते आणि ते मागे परत मिटतं. म्हणून गोळी विकत घेताना डब्यावरचा कडकपणा नंतर वाचा, आधी नाक बघा. सपाट भाग गोळीच्या व्यासाच्या दोन तृतीयांश ते पाऊण तरी पाहिजे. तुमच्या रायफलीला तर सपाट नाक सुरक्षेसाठीही हवंच, नळकांडी मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, मागच्या गोळीचं नाक पुढच्याच्या केपवर टेकलेलं असतं.

ज्या एल्मर कीथचं नाव हँडगन शिकारीत सगळे घेतात, ४४ स्पेशलच्या जड लोडवर वर्षानुवर्षं काम करून ज्यानं १९५५ च्या ४४ मॅग्नमचा रस्ता तयार केला, त्याच्या सपाट नाकाच्या गोळ्या सोळाला एक शिसं-कथिलाच्या होत्या. म्हणजे ११ बीएचएनच्या जवळपास. आजच्या डब्यांवर जे "हार्ड" लिहितात त्याच्या निम्मी.

हे मला पुस्तकातून कळायला हवं होतं, पण कळलं एका मादीकडून. तेव्हा ओहायोत रायफल चालत नव्हती, शॉटगन, मझललोडर (तोंडातून दारू भरायची बंदूक) नाहीतर हँडगन. माझ्याकडे ४४ मॅग्नमची रिव्हॉल्व्हर होती आणि कडक म्हणून अभिमानानं घेतलेल्या गोल नाकाच्या गोळ्या. चाळीस यार्डावर मादी आडवी उभी होती, मी खांद्याच्या मागे मारलं, जरा जास्तच मागे. ती उडालीही नाही, चालत गेली, मग पळाली. मला वाटलं हुकलं. खाली उतरून बघितलं तर चार-पाच थेंब रक्त, मग काहीच नाही. अंधार पडला, पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, चारशे यार्डांवर ओढ्यात, पोट फुगलेलं, मांस गेलेलं. फुप्फुसांच्या मागच्या टोकातून पेन्सिलएवढं भोक आरपार. ती किती वेळ जिवंत होती कोणास ठाऊक. त्यानंतर मी त्या गोळ्या हरणावर कधी वापरल्या नाहीत, आणि तुम्ही कडक गोळीबद्दल विचारलंत तेव्हा सगळ्यात आधी मला ती आठवली.

त्या हिवाळ्यात मी जुने पेपर भिजवून गठ्ठे बांधले आणि त्यात वेगवेगळ्या गोळ्या मारून बघितल्या. तुम्हीही करा, एका दुपारचं काम आहे आणि त्यात जे दिसतं ते वादावादीत दिसत नाही. लायनोटाइपची गोळी पेपरातून काढली की परत भरून मारावी अशी, खाचांच्या खुणा सोडल्या तर काही फरक नाही. त्याच गठ्ठ्याच्या आत हाडाचा तुकडा ठेवला तर नाकाचा कोपरा उडालेला. वीसाला एकवाली गोळी ४५-७० मधून मारली तर छान फुललेली, अळंबीसारखी, आणि तरी खोलवर गेलेली. १२ बीएचएनची मधली, नाक चेपून रुंद झालेलं पण गोळी अख्खी. आडव्या उभ्या हरणाची छाती आरपार जेमतेम एक फूट असते. सव्वादोन तोळ्याचं शिसं ते अंतर मऊ असलं तरी पार करतंच, त्यासाठी कडकपणा नको असतो. कडकपणा हवा असतो तो मोठ्या जनावराला, अलास्कात तपकिरी अस्वलाच्या भीतीनं कमरेला रिव्हॉल्व्हर लावणाऱ्याला, मूसच्या खांद्याचं हाड फोडून पुढे चार फूट जायचं असेल त्याला. हार्ड कास्टची कीर्ती तिथली आहे. तिकडे ती खरी आहे.

खोल घुसण्याची दुसरी बाजू लक्षात ठेवा, ही गोळी हरणातून बाहेर पडून पुढे जाते. नेहमी जाते. मागे मातीचा उतार दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही, आणि कळपात एकामागे एक दोन हरणं उभी असतील तर थांबायचं. माझ्या शेजारच्या शेतकऱ्यानं, ज्याच्या जमिनीवर मी शिकार करतो, मला पहिल्या दिवशी हरणाची वाट दाखवायच्या आधी त्याच्या गायी कुठे बांधतो ते दाखवलं होतं.

आता कुठे मारायचं. फुलणाऱ्या वेगवान गोळीला लोक सांगतात खांद्याच्या मागे, बरगड्यांत. तिथे तीन-चार इंच मागे गेलं तरी बऱ्याचदा निभतं. तुमच्या गोळीला एवढी मोकळीक नाही. हरीण आडवं असेल तर पुढच्या पायाच्या मागच्या कडेनं सरळ वर या आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर थांबा. तिथे हृदयाचा वरचा भाग, मोठ्या रक्तवाहिन्या आणि दोन्ही फुप्फुसं एका रेषेत येतात. जरा पुढे गेलं तर खांदा लागेल, लागू दे, जड गोळी खांदा फोडून जाते आणि हरीण तिथेच बसतं. चुकायचंच तर पुढे चुका, मागे नको. हरीण तिरकं असून पलीकडे तोंड असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे बघून मारा, म्हणजे गोळी तिथून बाहेर पडली पाहिजे असा विचार करून. ही जड गोळ्यांची सगळ्यात चांगली जागा आहे. तोंड तुमच्याकडे करून तिरकं उभं असेल तर मी थांबतो, नवीन माणसानं तर थांबावंच.

अंतर, तुमची रायफल १०० ला शून्य केली (म्हणजे १०० यार्डावर गोळी बरोबर नेमावर पडेल असं जुळवलं) तर १५० यार्डावर गोळी आठ-नऊ इंच खाली जाते आणि २०० वर दोन फुटांहून जास्त. हरणाच्या मर्मस्थानाचा गोल साधारण आठ इंचांचा. म्हणून १०० यार्डांच्या पुढे ही गोळी माझ्या हिशोबात येत नाही. आणि त्या १०० यार्डावर बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून, कशाही अवस्थेत पाचपैकी पाच गोळ्या सहा इंचांत पडायला लागेपर्यंत जंगलात जायचं नाही. आत्ता तुमचा पसारा फूटभर आहे, तर आत्ता तुमचं शिकारीचं अंतर चाळीस-पन्नास यार्ड आहे असं समजा. माप बरोबर झालं की ते आपोआप वाढेल.

गोळी लागल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण नवीन माणूस इथेच घाबरतो. हार्ड कास्टनं फुप्फुसातून मारलेलं हरीण बऱ्याचदा काही दाखवतच नाही, कधी पाठीची कमान करून एक उडी मारतं, शेपूट खाली दाबून पळतं. चाळीस ते शंभर यार्ड पळणं अगदी सामान्य आहे. तुम्ही लगेच दुसरं काडतूस चढवा, हरीण शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवा, कान द्या, पडल्याचा आवाज येतो कधीकधी. मग घड्याळ बघून अर्धा तास मचाणावरच बसा. खाली उतरून गोळी लागली त्या जागी जा, केस, हाडाचे कण, रक्त शोधा. गुलाबी फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, हरीण जवळच आहे. गडद लालसर-काळं म्हणजे यकृत, अजून तीन-चार तास थांबा. हिरवट घाण, वास, म्हणजे पोटात लागलंय, मग मागे या आणि सहा-आठ तास त्याला उठवू नका. जड सपाट गोळीचा इथे मोठा फायदा आहे, दोन्ही बाजूंना भोक असतं, खालच्या भोकातून रक्त जमिनीवर पडत जातं, माग सोपा होतो. आणि हुकलं असं वाटलं तरी दोनशे यार्ड शोधल्याशिवाय हुकलं म्हणायचं नाही. ओहायोत ट्रॅकिंग कुत्री घेऊन येणारे लोक आहेत, त्यांचा नंबर सीझनच्या आधीच फोनमध्ये ठेवा.

आता मुलीचं. इथे मी माझ्या आवडीच्या विरुद्ध सांगणार आहे.

२००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान केलेल्या हरणाच्या खिम्यात शिशाचे कण सापडले आणि तिथल्या आरोग्य खात्यानं अन्नछत्रांना ते मांस वाटू नका, टाकून द्या म्हणून सांगितलं. तो मुख्यतः वेगवान, फुटणाऱ्या आवरणाच्या गोळ्यांचा परिणाम, त्या शेकडो बारीक कण सोडतात, जखमेपासून लांबपर्यंत, डोळ्याला न दिसणारे. माझ्या गोळीसारखी सावकाश जाणारी अख्खी शिशाची गोळी त्यापेक्षा खूप कमी कण सोडते, हे खरं आहे आणि कास्टवाले ते छातीठोकपणे सांगतात. पण कमी म्हणजे शून्य नाही, आणि तुमची २२ वाली ठिसूळ गोळी हाडाला लागून फुटली तर कमीही नाही. लहान मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित पातळी अशी डॉक्टर मानतच नाहीत. मोठ्यांसाठी मी जखमेच्या बाजूचं वीतभर मांस काढून टाकतो, रक्ताळलेलं काहीही ठेवत नाही, फुटलेल्या खांद्याचं मांस खिम्यात घालत नाही आणि खिमा घरीच करतो, दुकानात दुसऱ्यांच्या हरणांबरोबर मिसळू देत नाही. पण चार वर्षांच्या मुलीसाठी आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिच्यासाठी शिशानं मारलेलं हरीण नकोच.

त्यामुळे तुमचा पहिला सीझन आहे, नोव्हेंबर-डिसेंबरला वेळ थोडा आहे, तर ४५-७० ची तांब्याची फॅक्टरी काडतुसं दोन डबे घ्या, त्यावर शून्य करा, त्याच्यावरच पहिलं हरीण मारा. नळीतलं शिसं काढून ती स्वच्छ करून घ्या आधी. कास्टचं काम हिवाळ्यात सावकाश करा, माप घ्या, १२ ची सपाट नाकाची गोळी मागवा, पेपरात मारून बघा. डब्यातल्या २२ वाल्या गोळ्या नळीला बसल्या तर रेंजवर सरावाला वापरा, फुकट जाणार नाहीत. पुढे शिशानं हरीण माराल तेव्हा आतडी-कोथळा उघड्यावर टाकून येऊ नका, खोल पुरा. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ३८ राज्यांतल्या गरुडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात जवळपास निम्म्या गरुडांमध्ये दीर्घकाळ शिसं साठलेलं आढळलं, आणि त्यातलं बरंच आपण टाकलेल्या घाणीतून त्यांच्या पोटात जातं. माझ्या मचाणावरून दरवर्षी एक जोडी दिसते, त्यामुळे मला ते बघवत नाही.

स्वतः ओतायला लागाल तेव्हाही स्वयंपाकघरात नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवून, वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब जाणार नाही अशी जागा बघून, आणि ते कपडे-बूट घरात आणायचे नाहीत. मुलीला उचलून घ्यायच्या आधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे.

आमच्या घरी फ्रीझरचे दोन कप्पे आहेत. वरच्यात माझं आणि बायकोचं, कास्ट गोळीचं. खालच्यात नातीसाठी, त्या प्रत्येक पुडीवर मार्करनं "तांबं" आणि तारीख लिहिलेली असते, आणि पुडी उघडायच्या आधी माझी सून ते वाचून बघते.